तीस गोळ्यांचं वजन

अकोल्याच्या एका दवाखान्यात नितेश फिट (आकडी) येणाऱ्या मुलांसाठी थ्रीडी प्रिंटरवर गोळ्या तयार करायचा. ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे, नेमक्या डोसच्या. चार वर्षांच्या प्रणालीच्या गोळ्या न्यायला तिची आई शकुन दर महिन्याला चांदूर रेल्वेहून यायची, आणि तीसच्या तीस गोळ्या एकेक करून काट्यावर ठेवायला लावायची. तोवर मागे रांग वाढत जायची.

आज मात्र नितेश वैतागला. "ताई, मशीनच्या गोळ्या हायेत ह्या. एकीतही फरक निघत नाई. दर खेपेले काहून मोजायले लावता? मशीनवर भरोसा नाई काय तुमचा?"

"मशीनवर हाय ना दादा," काट्यावरची नजर न हलवता शकुन म्हणाली. "थोरलीलेही फिटच येत होत्या. तवा असं मशीन नोतं. मोठ्या माणसाची गोळी आणून मी घरी ब्लेडनं कापत होती, एकीचे चार तुकडे. पोरगी गेल्यावर डॉक्टरनं सांगतलं, डोस कमीजास्त होत होता. मले तं चारी तुकडे सारकेच दिसत होते."