बरणीतील पाच नग

घंटा वाजली आणि सुकरीने हातमोजे चढविले. तिचे हृदय ढोलासारखे वाजत होते. परंतु ते भीतीने नव्हे, आनंदाने.

चंद्रपूरच्या त्या रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी आणि अवयव एका लांब पोलादी टेबलावर येत. त्यांचे वजन व माप घेणे, वर्णन लिहिणे आणि योग्य जागी कापून ते तपासणीस तयार करणे, हे सहायकाचे काम होते. पुढचे निदान डॉक्टर निशात मॅडम सूक्ष्मदर्शकातून करीत. सुकरी दोन वर्षे हे काम शिकत होती. आज अखेरची परीक्षा होती. जागा एक होती आणि उमेदवार दोन.

दुसरा उमेदवार तौसीफ हा वरोऱ्याच्या शिंप्याचा मुलगा. कात्री, सुरी, जे हाती येईल ते त्याच्या बोटांत पाण्यासारखे वाहत असे.

"काऊन वो सुकरी, हात थरथरून राह्यले तुहे?" तो म्हणाला.

"थरथरत नाई. नाचून राह्यले."

"नाच मंग. मी तोवर कापून मोकळा होतो."

सुकरी हसली. चैत्र सुरू होता. तिकडे जिवतीच्या डोंगरात मोह वेचण्याचे दिवस होते, आणि शिकत असतानाही रजा काढून जाणारी ती यंदा जन्मात प्रथमच पहाटे झाडाखाली नव्हती. "जाय बाई," आई शकुबाई म्हणाली होती, "फुलं काय, पुढच्या साली बी पडतीन. परीक्षा नाई पडत झाडाखाली."

एकच काटा तिच्या मनात रुतून होता. वडील सुकलू याच रुग्णालयात दाखल होते. त्यांची एक नाकपुडी वर्षभर बंद होती आणि मधूनमधून रक्त येई. पाच दिवसांपूर्वी त्यांच्या नाकातील गाठी काढल्या होत्या. अहवाल अद्याप आला नव्हता.

त्यात काल शकुबाई गावाहून आली आणि पळसाच्या पानांत बांधलेला पुडा तिने थेट मॅडमच्या हाती ठेवला. सुकरीला भूमी दुभंगावी असे झाले.

"आई, मॅडमले असं काही देत नाईत वो!"

"मंग रिकाम्या हातानं जावं काय डाक्टरीनबाईकडे?"

मॅडमनी पुडा उघडला, वास घेतला आणि त्या कितीतरी वेळ हसत राहिल्या होत्या.

आज मात्र त्या हसत नव्हत्या. त्यांनी दोघांपुढे एकेक बरणी ठेवली. दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता : नाकातील गाठी, नग पाच. रुग्णाच्या नावावर पांढरी पट्टी चिकटविलेली होती.

"दोन्ही बरण्यांतला माल एकाच ठिकाणाहून आला आहे," त्या म्हणाल्या. "नग मोजून चिठ्ठीशी जुळवा. बाकी चिठ्ठीवर विसंबू नका, चिठ्ठी घाईत लिहिली जाते. आधी डोळे, मग बोटं, मग चाकू. वेळ अर्धा तास."

तौसीफचा चाकू लगेच चालू लागला. सुकरीने झाकण उघडले. फॉर्मलिनचा उग्र दर्प उसळला. त्यापुढे दुसरा कोणताही वास टिकत नाही. तिने पहिला नग चिमट्याने उचलून उजेडात धरला. फिकट पिवळसर, चकचकीत, मऊ. तिने तो हलकेच दाबला. मग दुसरा उचलला. मग तिसरा.

आणि तिचा हात थांबला.

हे आपल्याच घरून आलेले आहे, हे तिच्या ध्यानी आले. चाकूकडे वळलेला हात तिने मागे घेतला.

तौसीफने ते पाहिले. त्याचा आवाज एकाएकी मऊ झाला. "अवं, सुकलूभाऊचं होय काय? सांग मॅडमले. दुसरी बरणी देतीन."

सुकरीने कागद ओढला. जे लिहायचे होते ते चूक ठरले, तर दोन वर्षे पाण्यात जाणार होती आणि तिचे हसे जिवतीपर्यंत पोचणार होते. तिने डोळे मिटले, उघडले आणि मोजके शब्द लिहिले.

वेळ संपली. तौसीफने आपले वर्णन ऐटीत वाचले : "रंग पिवळसर, पृष्ठभाग चकचकीत. कापले असता मध्ये पोकळी, आत रक्तवाहिन्यांसारखे बारीक तंतू. पाचही नग तपासणीस तयार."

मॅडमनी सुकरीचा कागद घेतला. वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला.

"चाकू का लावला नाहीस?"

"गरज नवती, मॅडम."

मॅडमनी कोटाच्या खिशातून दुसरा एक कागद काढला. "हा सुकलूभाऊंचा अहवाल. सकाळीच तयार झाला. साध्या गाठी आहेत, कॅन्सर नाही. आधी सांगितलं असतं तर तुझं लक्ष टेबलावर राहिलं नसतं."

सुकरी स्टुलावर बसली आणि एकाच वेळी हसू व रडू लागली. तौसीफने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. मग त्याने घसा खाकरला.

"मॅडम, घरच्या माणसाचं होतं, तिचा हात नाई उचलला, मले समजते. पण जागा तं मलेच भेटन ना? म्या पाचही कापले."

मॅडमनी सुकरीचा कागद त्याच्या हाती दिला.

"मोठ्यानं वाच."

तौसीफने वाचावयास आरंभ केला आणि दुसऱ्या शब्दावरच त्याचा आवाज खाली आला : "'मांस नव्हे. मोहाची फुले, नग पाच. आत केसर शाबूत. कापू नयेत.'"