कापसाचा विमा

माझी बायको गोदा वारल्यावर घरात मी आणि मुलगा सूर्यभान एवढेच उरलो. अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव होता. रेल्वे अजून अकोल्यालाही आली नव्हती, म्हणून सूर्यभान अमरावतीहून कापसाच्या गाड्या घेऊन दूरच्या स्टेशनाकडे निघणार होता. वाटेत एका ठिणगीनं गाडी पेटायची. विमेवाले रामरतन शेठ म्हणाले, "पाटील, विमा करा. आज थोडे पैसे द्या. कापूस जळाला त पुरी किंमत मी देईन."

"अन् नाही जळाला त?"

"त तुमचे पैसे गेले."

"म्हणजे आग लागली तरच माहा फायदा! अजब धंदा हाय शेठ तुमचा."

पैसे देताना मी विचारलं, "गाडीवर पोरगं बी हाय. त्याचा विमा?"

"माणसाचा मी करत नाही, पाटील."

सूर्यभान परत येईपर्यंत मला घास गेला नाही. तो सुखरूप आला. कापूसही नीट पोचला होता.

दुसऱ्या दिवशी शेठकडे गेलो. ते हसले, "काहून पाटील, पैसे फुकट गेले ना?"

"गेले. पुढच्या खेपेचे आताच घ्या," मी म्हणालो, "अन् तेही फुकटच जाऊ द्या."