परक्याची दाढ

नव्या कायद्याने चौकशी अधिकाऱ्याच्या मनगटावर पट्टा आला होता. संशयिताला जे जे होईल, ते पट्टेवाल्यालाही जाणवायचं. बाजार भरायच्या आत स्फोटकं सापडायला हवी होती, आणि इन्स्पेक्टर खानविलकर परदेशी संशयित मार्कोसमोर गाल धरून बसले होते.

"साहेब, द्या ना एक ठेवून!" हवालदार शेवंताबाई म्हणाल्या.

"तुमचं काय जातंय? थोबाड माझं सुजेल! दातांच्या डॉक्टरला बोलवा."

मार्कोची किडकी दाढ उपटली, तेव्हा दोघंही एकदमच बोंबलले.

"माझ्यावर एवढी दया?" मार्कोने मोडक्या हिंदीत विचारलं.

"दया कसली? ठणका माझ्या डोक्यात जात होता!"

मार्को खो खो हसला. अचानक खानविलकरांना छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

"शेवंताबाई, गाडी काढा," ते पट्ट्याकडे बघत खुशीत म्हणाले. "हा आता पत्ता सांगतोय."