त्या दिवशीचा भाव

"आणि तू बाबांना भाव किती सांगितलास?" तिने विचारलं.

दादाने चहाचा कप खाली ठेवला. "अगं, वर्ष उलटून गेलं. आकडा कुठे आठवतोय आता?"

"आठव ना, दादा."

"बरं, आठवतो. आधी हा फोन चार्जिंगला लावून येतो, मान टाकलीय त्याने."

तो आतल्या खोलीत गेला. ती चहावर साय धरेपर्यंत तशीच बसून राहिली. तो परतला तो दारातूनच बोलत. "दोनशे बारा. हां, दोनशे बाराच. दुपारी बाजार बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, आपल्या बँकेचं काय झालं आज? मी म्हटलं, दोनशे बारा. तर डोळे मिटून म्हणाले, आज वाचायला ती हवी होती."

तिने हे वाक्य त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

वडील त्याच बँकेत जन्मभर रोखपाल होते. कर्मचारी म्हणून मिळालेले चाळीस शेअर त्यांनी जिवापाड जपले होते. ते आरशासमोर दाढी करत आणि शाळेत जाणारी ती पेपरातून भाव वाचून दाखवी. पुढे त्यांनी खटपट करून तिला त्याच बँकेत चिकटवलं आणि सहा महिन्यांत तिने राजीनामा दिला. "माझी मान खाली घातलीस," ते म्हणाले होते. तिनेही तोंडाला येईल ते सुनावलं. मग जो अबोला सुरू झाला तो सातएक वर्षं टिकला. दोघंही एका माळेचे मणी, आधी फोन कुणी करायचा? पेपरातलं ते पानसुद्धा तिने पुन्हा कधी उघडलं नाही. ती इस्पितळात पोचली तेव्हा खाट रिकामी होती.

तेव्हापासून तिचं कशात लक्ष नव्हतं. भात करपायचा, बस चुकायची. जाताना त्यांनी आपलं नाव काढलं का, एवढंच तिला हवं होतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. तिने शेजाऱ्यांना विचारलं. नर्सला गाठलं. "नळ्या होत्या ना तोंडात," नर्स म्हणाली, "पण मधे काढल्याही असतील. किती पेशंट बघतो आम्ही." राहता राहिला दादा, शेवटी तोच जवळ होता. त्यालाही ती वर्षभर छळत होती. तो "सगळ्यांची आठवण काढत होते" एवढ्यावर भागवायचा. आज पहिल्यांदा त्याने एवढं सांगितलं होतं.

पण दादाच्या शब्दावर विसंबायचं म्हणजे पंचाईत. माणूस वाईट नव्हे, भलताच चांगला. समोरच्याचा चेहरा पडला की याला बघवत नाही. लहानपणी तिचं मांजर गाडीखाली गेलं, तेव्हा ते पलीकडच्या गल्लीत लग्न होऊन गेल्याचं त्याने तिला पटवलं होतं. तिकडे पिल्लं झाल्याच्या बातम्याही तो आणून द्यायचा.

म्हणून घरी आल्यावर तिने कॉम्प्युटर उघडला. बँकेच्या शेअरचे जुने भाव सापडले, पण ते कळायला वेळ लागला. एकेका तारखेपुढे चार-चार आकडे. सकाळी उघडला तो, दिवसभरातला सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा आणि बंद होतानाचा. ती बोट ठेवून मागे मागे जात राहिली. ती तारीख आली तसं तिने बोट तिथेच दाबून धरलं.

बंद भाव, दोनशे बारा रुपये चाळीस पैसे.

तिचा जीव भांड्यात पडला. दादा काहीही रचेल, पण आकडा कुठून रचणार? त्यांनी विचारलं होतं. तिचं नाव काढलं होतं. त्या दिवशी वर्षात पहिल्यांदा तिला भूक लागली.

पुढच्या आठवड्यात शेअर दोघांच्या नावावर करायला ती दादाबरोबर दलालाच्या ऑफिसात गेली. दादा झेरॉक्स काढायला खाली उतरला. चष्मेवाल्या कारकुनाने अर्ज तिच्यापुढे सरकवला.

"चारशे शेअर? चुकलंय काहीतरी. बाबांचे चाळीस होते."

"बरोबर आहे, मॅडम. बँकेने दोन महिन्यांपूर्वी एकाचे दहा केले. संख्या दहापट, भाव एक दशांश. तुमचं नुकसान काही नाही."

"भाव मला माहीत आहे," ती हसून म्हणाली. आताशा ती हसायची. "बाबा गेले त्या दिवशी दोनशे बारा होता. त्यांनी मुद्दाम विचारला होता."

"दोनशे बारा?" कारकून गोंधळला. त्याने तारीख विचारून घेतली, पडद्यावर बघितलं आणि मान हलवली. "हां, हा आता दाखवतात तो भाव. एकाचे दहा झाले की मागचे सगळे भावही दहाने भागून मांडतात, नाहीतर शेअर एका दिवसात कोसळला असं वाटेल. त्या दिवशी प्रत्यक्षात एकवीसशे चोवीसला बंद झाला होता. दोनशे बारा हा आकडा तेव्हा कुणाला दिसलाच नसणार."

तिने अर्जावर सही केली. एका सहीत पेन दोनदा अडकलं.

दादा जिना चढून धापा टाकत आला. तिच्याकडे बघितलं आणि जागीच थांबला. "काय गं? काय झालं?"

"काही नाही रे," ती म्हणाली. "यांनासुद्धा विचारून घेतलं. दोनशे बाराच होता म्हणतात."