रिकामी पेटी

उद्या जे लागणार, तेवढंच औषध आदल्या संध्याकाळी ड्रोनच्या पेटीतून यायचं. जास्तीचा साठा ठेवणं त्या आडगावच्या आरोग्य केंद्राच्या आवाक्याबाहेरचं होतं, आणि उद्याचं भाकीत करणारं यंत्र कधीच चुकत नसे.

आज पेटी रिकामी आली.

“म्हणजे उद्या एकही पेशंट नाही!” म्हातारे कंपाउंडर राघोबा हरखून गेले आणि पेढे वाटू लागले.

मंदाकिनी सिस्टरही हसल्या. पेढा तोंडाशी नेताना मात्र त्यांचा हात थबकला. राघोबांना रोज सकाळी इन्सुलिन लागायचं. आज तेही आलं नव्हतं.

त्यांनी घाबरून शेजारच्या केंद्राला फोन लावला.

“आमचीही रिकामीच आलीय, सिस्टर,” पलीकडची नर्स खुशीत म्हणाली. “सगळ्या जिल्ह्याचीच! इथे तर पेढे वाटणं चाललंय.”