शेलारची पाणीमोजणी

"पट्टी विहिरीत सोडलीस, तर मागोमाग तुलाबी सोडीन," राघो म्हणाला.

चांगदेव जागचा हलला नाही. खाकी शर्टातला हा माणूस दोन-तीन दिवस शेलार गावात हिंडत होता. राज्यात कोण किती पाणी उपसतं याचा सरकार अंदाज घेतंय, असं तो दारोदार सांगे. मोठ्या दुष्काळाला दोनच वर्षं झाली होती. सरकारला पाण्याची काळजी वाटावी यात नवल नव्हतं. पण मोजणी झाली की पाणीपट्टी बसणार, असं राघोनं गावभर केलं होतं. कुणी चांगदेवला ओटीवर बसू देईना. आदल्या दिवशी कुणीतरी त्याच्या सायकलची हवा सोडली होती.

"विहीर माझी हाय, भावजी," बायजाबाई म्हणाली. ती राघोच्या थोरल्या भावाची विधवा. "मोजू दे त्याला."

"तू गप ऱ्हा, वैनी."

"का म्हून? मोजल्यानं पानी आटतं काय?"

राघो तिच्या पायाशी थुंकला आणि निघून गेला. त्या दिवसापासून त्याच्या घरानं तिच्याशी बोलणं टाकलं.

चांगदेवनं पट्टी सोडली. वैशाखात पाणी कुठवर उतरतं, झरा कुठल्या अंगानं येतो, शेजारचं पडीक शेत कुणाचं, तो शांतपणे विचारत गेला. बायजाबाईनं सगळं खरं सांगितलं. दुष्काळातही या विहिरीनं तळ दाखवला नाही, हे तर दोनदा सांगितलं. मग त्याला गूळपाणी दिलं.

"गावात एवढंच एक शहाणं माणूस भेटलं," तो म्हणाला. ती दिवसभर खुशीत होती.

दिवाळीनंतर शेजारचं पडीक शेत विकलं गेलं. घेणारा शहरातल्या धामणकर नाक्याकडचा शेट, कापड रंगवायचा कारखाना काढणारा. त्यानं झऱ्याच्या वरच्या अंगाला सुरुंग लावून विहीर खणली, इंजिन बसवलं. शिमग्याला बायजाबाईनं आपल्या विहिरीत वाकून पाहिलं, तर खाली दगड दिसत होते. वांग्यांचा मळा उभा वाळला.

"सरकारनं मोजलं आन शेटला विकलं!" राघो तिच्या दारासमोर ओरडला. "हिनंच दाखवलं!"

गावच्या विहिरीवर बायका तिला पोहरा टाकू देईनात. एकीनं तिची घागर लाथाडली. बायजाबाईनं ती उचलली. चांगदेवचा मात्र तिला राग येत नव्हता. त्या पोरानं नेमून दिलेलं काम केलं. खाल्लं असेल ते वरच्यांनी.

चैत्रात सरकारी जीप गावात शिरली. राघोसकट दहाबारा जण काठ्या घेऊन आडवे झाले. एकानं बॉनेटवर काठी हाणली. चष्मेवाला अधिकारी घाबरतच खाली उतरला, तशी बायजाबाई गर्दीतून पुढं घुसली.

"सायेब, तुमचा चांगदेव कुठं हाय? बोलवा त्याला. या लोकांना सांगू दे, माझी काय चूक न्हाय म्हून."

"कोण चांगदेव?" अधिकाऱ्यानं बरोबरच्या कारकुनाकडं पाहिलं. कारकुनानं नकारार्थी मान हलवली.

"आमच्यात या नावाचं कुणी नाही, बाई. पाण्याची मोजणी तर आजपासून सुरू होतेय. तुमचं पहिलंच गाव."