अनेकवचन

रविवारी न्याहारी झाली की अर्धा तास घरी पत्र लिहायचं, हा वसतिगृहाचा नियम होता. लिहून झालेलं पत्र रेक्टरांच्या टेबलावर आणायचं. ते शुद्धलेखन तपासायचे, मगच पाकीट मिळायचं.

पाचवीतला टाचणी रांगेत चौथा होता. अंगानं काटकुळा, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. वडिलांचं सगळं आटोपून तो गुरुवारीच परत आला होता. आल्या आल्या त्यानं बॅग उपसली, कपड्यांच्या घड्या कपाटात लावल्या आणि संध्याकाळी कवायतीला हजर झाला. डोळ्यांत टिपूस नाही.

"याला म्हणतात खंबीरपणा," मुख्याध्यापक रेक्टरांना म्हणाले होते. "आपल्याकडे मुलगा घडतो तो असा. अहवालात घाला."

रेक्टरांनी पत्र पुढ्यात ओढलं. अक्षर मोत्यासारखं. 'तीर्थरूप आईबाबांस,' ही पहिली ओळ. लाल पेन तिथंच थांबलं.

"मायना बघ जरा," ते हळू म्हणाले.

टाचणीनं वाकून पाहिलं. "ऱ्हस्व-दीर्घ चुकलं का, सर?"

"नाही."

त्यानं पुन्हा वाचलं. "हां. सवयीनं लिहिलं गेलं."

तो बाकावरून पट्टी घेऊन आला आणि 'बाबां' या दोन अक्षरांवर एकच सरळ रेघ मारली. खाडाखोड करायची नाही, हे रेक्टरांनीच शिकवलं होतं. उरलं 'आईस'. मग त्याचं बोट खाली सरकलं.

"'तुम्ही दोघे कसे आहात' याचं 'तू कशी आहेस' होईल ना, सर?"

"हो."

"आणि 'काळजी घ्या'चं 'घे'."

"हो."

"'भेटायला या'... 'ये'."

व्याकरणाच्या तासाला सोडवावं तसा तो एकेक क्रियापद बदलत गेला. एकही चुकलं नाही. मागची पोरं चुळबुळ करत होती. रेक्टरांनी त्यांना दटावलं नाही.

"बाळा, आज नाही लिहिलंस तरी चालेल," ते म्हणाले. इतक्या वर्षांत असं ते कुणालाच म्हणाले नव्हते.

"नियम आहे ना, सर," टाचणी म्हणाला.

जागेवर जाऊन त्यानं पत्र नव्या कागदावर उतरवून काढलं आणि तो पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा खोलीत दोघंच उरले होते. रेक्टरांनी पत्र न वाचताच पाकीट पुढे केलं.

टाचणीनं पेनाचं टोपण काढलं आणि तो थांबला.

"सर, वर बाबांचंच नाव घालू ना? पोस्टमन आईला ओळखत नाही."